गावाच्या वतीने

कापसाचा चुकारा हातात पडला की आमच्या पांढुर्ण्यात आणि सौंसरात यात्रेचे बेत सुरू व्हायचे. आंबिया बहाराची संत्री उतरलेली असायची, कापसाची वेचणी आटोपत आलेली असायची आणि गहू-हरभरा कापणीला यायला अवकाश असायचा. मृगाची फळं झाडावर असली, तर बगीचा आधीच व्यापाऱ्याला देऊन टाकलेला. या मधल्या दिवसांत काशी, प्रयाग आणि गया अशी त्रिस्थळी करून यायची. ज्याला जमेल त्याने अयोध्या नाहीतर मथुरा-वृंदावन जोडून घ्यायचं. निघायचा दिवस पंचांगात पाहिला जायचा खरा, पण महिना शेतच ठरवायचं.

मी सांगतो आहे ते 1960 च्या दशकातलं. 1956 च्या 1 नोव्हेंबरला राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि आमचा छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. घरात मराठी, कचेरीत हिंदी, बाजाराला नागपूर आणि राजधानी भोपाळ, अशी आमची घडी तेव्हापासून बसली. 2023 मध्ये पांढुर्णा आणि सौंसर मिळून स्वतंत्र पांढुर्णा जिल्हा झाला, तरी ती घडी मोडलेली नाही. इथल्या माणसाला कुठेही जायचं म्हटलं की आधी सीमा ओलांडून नागपूर गाठावं लागतं, नाहीतर उलट्या दिशेने सातपुडा चढून इटारसी.

यात्रेचा बेत आखला जायचा ओसरीवर. आधी जाऊन आलेल्यांना निरोप जायचा आणि संध्याकाळी जेवणं उरकून ते येऊन बसायचे. इटारसीला गाडी बदलताना किती वेळ हाताशी राहतो, जबलपूरला पाणी कुठे भरून घ्यावं, प्रयागला उतरल्यावर कोणत्या निशाणाच्या पंड्याकडे जावं, गयेत पिंडदानाचा खर्च आधीच कसा बोलून घ्यावा, हे सगळं त्यांच्या तोंडून ऐकायचं. आजोबा ते माझ्या शाळेच्या वहीच्या मागच्या पानांवर लिहून घेत. एका काकाजींना तर स्टेशनांची नावं ओळीने पाठ होती. ते डोळे मिटून म्हणायला लागले की आम्हा पोरांना गाडी चालल्यासारखी वाटायची.

सौंसरच्या नातेवाइकांचा प्रवास अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून सुरू व्हायचा. नागपूर आणि छिंदवाडा यांना जोडणारी ती छोटी गाडी लोधीखेडा, सौंसर, रामाकोना अशी स्टेशनं घेत पुढे घाट चढायची. खाली जायचं तर सावनेरवरून इतवारी, तिथून टांगा करून नागपूरचं मोठं स्टेशन. 2015 च्या नोव्हेंबरअखेर रूळ बदलण्यासाठी ती गाडी कायमची थांबली. आता तिथून ब्रॉडगेज धावते, वेळ वाचतो, डबे प्रशस्त आहेत. पण त्या छोट्या गाडीत सौंसरचा माणूस सौंसरच्याच माणसाशेजारी बसलेला असायचा आणि इतवारी येईपर्यंत त्याच्या यात्रेची खबर सगळ्या डब्याला झालेली असायची.

तिकिटाची गोष्ट तर सविस्तर सांगण्यासारखी. एकाच तिकिटावर अनेक गावं करून जिथून निघालो तिथेच परत यायचं, यासाठी रेल्वेचं सर्क्युलर तिकीट असतं. सगळं अंतर एकत्र धरून त्याचे दोन निम्मे प्रवास मानतात आणि त्या हिशोबाने भाडं लावलं जातं. अंतर वाढेल तसा मैलामागचा दर उतरत जातो, म्हणून तुकड्यातुकड्याने काढलेल्या तिकिटांपेक्षा ते स्वस्त पडतं. आजही त्या तिकिटावर जास्तीत जास्त 8 ठिकाणी थांबता येतं. आजोबा त्यासाठी नागपूरला अर्ज पाठवत. कोणत्या मार्गाने जाणार, कुठे उतरणार, परत कसे येणार, सगळं ओळीने मांडलेलं. मग एक दिवस हाताने भरलेलं, कार्बनच्या निळ्या अक्षरांचं लांब कागदी तिकीट घरात यायचं. आजोबा ते मेणकापडाच्या पाकिटात घालून बंडीच्या आतल्या खिशात ठेवत. प्रत्येक मुक्कामाला स्टेशनावर त्याच्यावर शिक्का उमटायचा. परत आल्यावर आम्ही ते तिकीट मागून घ्यायचो आणि शिक्क्यांवर बोट ठेवून सगळी यात्रा पुन्हा वाचायचो.

पण त्या वहीतली सर्वांत मोठी यादी मार्गाची नसायची. ती असायची गल्लीच्या कामांची. शेजारच्या घरच्या अस्थी प्रयागला सोडायच्या. कोणाचा सव्वा रुपया विश्वनाथाला वाहायचा. कोणाला गंगाजळाची गडवी हवी, कोणाला काशीचा काळा दोरा. एका म्हाताऱ्या बाईंनी आपल्या वडिलांचं नाव चिठ्ठीवर लिहवून आणलं होतं. प्रयागच्या पंड्याच्या वहीत ते आहे का, एवढंच पाहून यायचं होतं त्यांना. पंड्यांच्या त्या लांब वह्यांत गावागावांच्या पिढ्या नोंदलेल्या असत. आजोबांनी परत येऊन सांगितलं की नाव सापडलं, सोबत त्यांच्या आजोबांचंही. त्या बाई बराच वेळ आमच्या ओसरीवर बसून राहिल्या. स्वतः त्या नागपूरच्या पलीकडे कधी गेल्या नव्हत्या.

खाण्याचा बंदोबस्त वेगळाच. दुधात भिजवलेल्या दशम्या, तिळाची आणि जवसाची चटणी, पुऱ्या, चिवडा, लाडू. डबे भरले की ट्रंकेचा निम्मा भाग संपायचा. त्याखेरीज स्टोव्ह, तांदूळ, डाळ आणि तिखट-मिठाचा डबा होल्डॉलमध्ये. धर्मशाळेत उतरल्यावर आजी पहिल्यांदा चूल मांडायची जागा पाहायची. परमुलखातलं शिजलेलं अन्न खायचं नाही, हा तिचा नियम. इतकी गावं पालथी घातली, पण तिथल्या चवी तिच्या जिभेवर कधी आल्या नाहीत.

उलट यात्रेत एक चव सोडूनच यायची असे. गयेला जाऊन आलेल्याने एखादं फळ किंवा भाजी जन्माची सोडायची, असा रिवाज. पुष्कळ जण आपल्याकडे न मिळणारं काहीतरी सोडून मोकळे होत. आजीने संत्रं सोडलं. आवडीचं सोडलं तरच ते सोडणं, असं ती म्हणायची. त्यानंतर प्रत्येक बहाराला ती अंगणात ढिगासमोर बसून फळं निवडायची. साल दाबून पाहायची, देठाशी वास घ्यायची, मोठं-मध्यम-बारीक वेगळं करायची. एकही फोड तिने तोंडात घातली नाही. कोणत्या झाडाचं फळ गोड, हे तिला नुसत्या वासावरून शेवटपर्यंत कळायचं.

गेल्या दिवाळीत माझी पुतणी पुण्याहून आली आणि लॅपटॉप उघडून म्हणाली, “काकाजी, फ्रान्सला जायचं. आईबाबा आणि तुम्ही दोघं. फेब्रुवारीत.” पॅरिस, स्ट्रासबुर्ग, लिओं आणि नीस, अशी चार शहरं तिने नकाशावर जोडून ठेवली होती. मी तिच्याशेजारी खुर्ची ओढून बसलो आणि पुढचे दिवस आम्ही दोघांनी तो बेत आखला. इतकं समाधान मला पुष्कळ दिवसांत मिळालं नव्हतं.

आमच्या तरुणपणी युरोप वाचनालयातच पाहायचा. पु. ल. देशपांड्यांचं ‘अपूर्वाई’ 1960 मध्ये आलं आणि त्याची प्रत हातोहात फिरत राहिली. पॅरिस आम्हाला तिथून माहीत. प्रत्यक्ष जाणं कोणाच्या मनातही येत नसे. पासपोर्टसाठी भोपाळकडे डोळे लावून बसायचं आणि परवानगीने मिळणारे डॉलर हाताच्या बोटांवर मोजावेत इतकेच. आता आयफेल टॉवरच्या तिकिटाचे पैसे आपल्या यूपीआयने देता येतात. ती सोय 2024 च्या फेब्रुवारीत सुरू झाली, हे पुतणीने सांगितलं तेव्हा माझ्या भावाने तिला ते दोनदा सांगायला लावलं.

कागदपत्रं आजही सोपी नाहीत. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या 6 महिने आधीपासून करता येतो, शुल्क 90 युरो, 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा हवा, बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं. प्रत्येक रात्री कुठे मुक्काम, हे कागदावर दाखवावं लागतं. ते वाचताना मला आजोबांचा नागपूरला जाणारा अर्ज आठवला. मुक्कामांची ओळ तशीच, फक्त स्टेशनांची नावं निराळी.

गाड्यांचं गणित मात्र मनापासून आवडलं. पॅरिस ते लिओं हा वेगवान मार्ग 1981 मध्ये सुरू झाला आणि ते अंतर आता दोनेक तासांत कापलं जातं. तिकीट काही महिने आधी काढलं तर स्वस्त, आयत्या वेळी काढलं तर खिसा रिकामा. तिथे आमच्या सर्क्युलर तिकिटाचा न्याय नाही. प्रत्येक गाडीचं तिकीट निराळं, दर रोज हलणारा. पुतणी रात्री बसून दर पाहायची आणि उतरला की लगेच काढून टाकायची. लुव्र मंगळवारी बंद, ओर्से सोमवारी बंद, हे पाहून तिने दिवस लावले. ओर्सेचं संग्रहालय मूळचं रेल्वे स्टेशन. 1900 साली बांधलेलं, 1986 पासून त्यात चित्रं. पांढुर्ण्याच्या माणसाने, ज्याचं सगळं जाणं-येणं रेल्वेवर अवलंबून, ते पाहायलाच हवं, असं मी म्हटलं आणि तिने ते पहिल्या दिवशी घातलं.

शहरं निवडताना मला एक गोष्ट जाणवली. स्ट्रासबुर्ग आणि नीस ही दोन्ही सीमेवरची. स्ट्रासबुर्ग 1871 मध्ये जर्मनीकडे गेलं, पहिल्या महायुद्धानंतर फ्रान्सकडे आलं, दुसऱ्यात पुन्हा गेलं आणि पुन्हा आलं. नीस कायमचं फ्रान्सचं झालं ते 1860 मध्ये. दोन्हीकडच्या जुन्या वस्तीत रस्त्यांच्या पाट्यांवर फ्रेंचबरोबर तिथली घरची बोलीही लिहिलेली असते. हे वाचून मी थबकलो. ज्यांच्या डोक्यावरून राज्य बदललं आणि घरातली भाषा तीच राहिली, अशा माणसांची ती गावं. आपल्याला ती पुस्तक न उघडता कळतील.

लिओं भावासाठी घेतलं. ते रेशीम विणणाऱ्यांचं शहर. जकार्डचा माग एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तिथेच घडला. आमच्या सौंसर तालुक्यात बोरगावला रेमंडचा कारखाना आहे, त्यामुळे सुटाच्या कापडाची पारख करणारी माणसं इथे घरोघर भेटतात. माझ्या पत्नीला आवडली ती तिथल्या स्वयंपाकिणींची कथा. श्रीमंतांच्या घरी रांधणाऱ्या बायकांनी पुढे स्वतःच्या खाणावळी काढल्या आणि लिओंचं नाव गाजवलं. त्यांच्यातली युजेनी ब्राझिए शेतकऱ्याच्या घरची. 1933 मध्ये तिच्या दोन खाणावळींना मिशेलिनचे तीन-तीन तारे मिळाले. लिओंहून नीसला जाताना मार्सेलिस येतं. 8 जुलै 1910 रोजी सावरकरांनी ‘मोरिया’ बोटीतून समुद्रात उडी घेतली ती तिथे. माझे वडील असते तर त्यांनी बाकी सगळं सोडून तिथे एक दिवस मागितला असता. आम्ही तो ठेवला आहे.

खाण्याच्या बाबतीत घरात खरा बदल दिसला. आजीने डबे भरले होते. पुतणी चवींची यादी करत होती. पाव रोज सकाळी कोपऱ्यावरच्या भट्टीतून ताजा आणायचा. त्यांच्या लांबट बगेटच्या कलेला 2022 मध्ये युनेस्कोने मानवी वारशात जागा दिली. जेवण दुपारी बारा ते दोनच्या आतच उरकायचं, पुढे संध्याकाळी सातपर्यंत चूल बंद. पत्नी शाकाहारी, म्हणून पुतणीने प्रत्येक पदार्थाची चौकशी केली. कांद्याचं सूप नावाने निरुपद्रवी, पण बहुधा गोमांसाच्या रश्शावर केलेलं. नीसच्या प्रसिद्ध सॅलडमध्ये मासा. पुष्कळशा चीजमध्ये वासराच्या जठरातलं विरजण. उलट ब्रिटनीची कुट्टूच्या पिठाची गालेत अंडं-मांस न घालता करून मिळते आणि वांगी, टोमॅटो, ढोबळी मिरची यांची रातातुई तर नीसचीच.

आणि सोक्का. हरभऱ्याचं पीठ, पाणी, मीठ, ऑलिव्हचं तेल. पातळ कालवून तांब्याच्या मोठ्या परातीत ओततात, लाकडाच्या भट्टीत कडा करपेपर्यंत भाजतात, वरून मिरपूड टाकून हातानेच तोडून खातात. नीसच्या जुन्या बाजारात ते रस्त्यावर मिळतं. म्हणजे आपल्या बेसनाच्या धिरड्याची सख्खी बहीणच. पत्नीने व्हिडिओ दोनदा पाहिला आणि म्हणाली, “यांनी कांदा-सांबार घातला असता तर अजून रंगत आली असती.” मग तिने ते त्याच संध्याकाळी लोखंडी तव्यावर करून पाहिलं. आजी परमुलखात शिजलेलं खात नव्हती आणि तिच्याच नातसुनेने जाण्याआधी परमुलूख घरात शिजवला. मला हे चांगलं वाटतं. दुसऱ्याच्या अन्नाची भीती जाणं, ही आमच्या घराने दोन पिढ्यांत केलेली मोठी मजल आहे.

पण बेत पुरा झाल्यावर मला त्यात एक उणीव दिसली. तासातासाचा हिशोब होता, पण त्यात आमच्या चौघांशिवाय कोणाचंच काही नव्हतं. गल्लीत कोणाला आम्ही जातोय हे माहीतही नव्हतं. पूर्वी ओसरीवर माणसं बोलावल्याशिवाय मार्गच कळत नसे, म्हणून गाव आपोआप त्यात यायचं. आता मार्ग फोनवर कळतो आणि गाव बाहेर राहतं. जुन्या प्रवासातला त्रास गेला, ते फार चांगलं झालं. धर्मशाळेतल्या ओल्या जमिनीवर आजीने काढलेल्या रात्री कोणी परत मागू नयेत. पण सव्वा रुपया, गडवी, वहीतलं नाव शोधून आणणं, ही कामं त्रासाबरोबर वाहून जायला नको होती.

म्हणून मी पुतणीला एक गाव वाढवायला सांगितलं. नीसहून रेल्वेने पाऊण तासाच्या आत मांतों येतं, इटलीच्या सीमेला टेकलेलं. तेही कायमचं फ्रान्सचं झालं ते 1861 मध्ये. मोनाकोच्या राजाकडून ते विकत घेतलं गेलं. तिथल्या लिंबाला 2015 मध्ये युरोपचं भौगोलिक मानांकन मिळालं आहे. 1934 पासून फेब्रुवारीत तिथे लिंबांचा उत्सव भरतो. सुमारे 140 टन लिंबं आणि संत्री लागतात. लोखंडी सांगाड्यावर एकेक फळ रबराच्या कड्याने बांधून मनोरे, प्राणी, राजवाडे उभारतात. मृग बहार तोडणीला येतो नेमका त्याच दिवसांत, त्यामुळे भाऊ आधी कां-कूं करत होता. फळांचे ते फोटो पाहिल्यावर त्याने बगीचा झाडावरच द्यायचं ठरवलं.

मग मी जुन्या रीतीने ओसरीवर बगीचेवाल्यांना बोलावलं. चहा झाला, नकाशा दाखवला आणि विचारलं, तुमच्यासाठी काय पाहून येऊ? पहिल्यांदा सगळे संकोचले. मग एकाने विचारलं, उतारावरच्या बागांना ते पाणी कसं देतात? दुसऱ्याने विचारलं, कलम कशावर बांधतात? तिसऱ्याच्या मुलाने फोनवर शोधून दाखवलं की कॉर्सिका बेटावरची क्लेमेंटाइन, म्हणजे आपल्या संत्र्याच्याच कुळातली, तिथे पानासकट विकतात. पान हिरवं तर फळ ताजं, हे गिऱ्हाइकाला न सांगता कळतं. मग आपण देठ का तोडतो, यावर रात्री उशिरापर्यंत वाद चालला. त्याच बेटावर सान जुलियानोला लिंबूवर्गीय झाडांच्या शेकडो जाती जपणारी सरकारी संशोधन बाग आहे. यंदा तिथवर जाणं होणार नाही, पण मांतोंच्या बागा आणि बाजार नीट पाहून येणं होईल. पुतणीने सगळे प्रश्न टाइप करून घेतले आणि प्रत्येकासमोर विचारणाऱ्याचं नाव लिहिलं.

काशीहून परतल्यावर मावंदं घातलं जायचं. गंगेची पूजा व्हायची, गडवीतलं पाणी घरोघर वाटलं जायचं आणि पंगती बसायच्या. मावंदं झाल्याशिवाय यात्रा पुरी झाली असं कोणी मानत नसे. आम्ही परतू त्यानंतरचा पहिला रविवार पुतणीने त्यासाठी राखून ठेवला आहे. वरण-भात, पोळी, वांग्याची भाजी असेल आणि चुलीवर मोठ्या परातीत सोक्का. जेवणं झाल्यावर प्रश्न विचारणाऱ्या प्रत्येकाला त्याच्या प्रश्नाचं उत्तर, जेवढं मिळालं तेवढं, सांगितलं जाईल. गावातून एक माणूस गेला तर ज्यांना जाता आलं नाही त्यांच्यापर्यंत त्याचा प्रवास पोचला पाहिजे. आमच्या आजोबांची पिढी हे न चुकता करत होती. तिकीट बदललं, देश बदलला, गाडीचा वेग दहापट झाला, म्हणून ते सोडून द्यावं असं काही घडलेलं नाही. उलट आता पोचवायला कितीतरी जास्त आहे.